रक्त, धूर आणि अनोळखी माणूस

८ फेब्रुवारी

ताई,

मायना काय लिहावा यावरच बराच वेळ गेला. ‘प्रिय’ लिहिलं असतं तर तू म्हणाली असतीस, आली मोठी प्रियवाली. म्हणून नुसतं ताई. फोन तू उचलत नाहीस. मेसेज वाचल्याच्या निळ्या खुणा येतात आणि पुढे सगळं शांत. पत्र निदान फाडून टाकावं तरी लागतं, आणि फाडण्याआधी माणूस दोन ओळी वाचतोच. शब्द विकून पोट भरते, एवढं तर मला कळतं.

आप्पा बरे आहेत. खुब्याची शस्त्रक्रिया चांगली झाली, जखम सुकली, असं डॉक्टर म्हणाले. वॉकर धरून खोलीच्या दारापर्यंत येतात आणि तिथे उभे राहून आम्हा सगळ्यांना सूचना देतात. पायाचे व्यायाम करून घ्यायला एक बाई येतात. त्यांना आप्पा ‘हेडबाई’ म्हणतात आणि त्या आल्या की मुकाट्याने पाय उचलतात. आपल्या दोघींचं त्यांनी आयुष्यात कधी इतकं ऐकलं नाही.

दवाखान्याच्या पायऱ्यांवर तू म्हणालीस ते माझ्या डोक्यातून जात नाही. ‘तू घरी असतेस गं, पण घरात नसतेस.’ मला ते फार लागलं. आई गेल्यावर आप्पांनी कुठे राहायचं यावरून आपलं वाजलं, तेव्हा मीच ठासून सांगितलं होतं की मी घरीच तर असते. हेच वाक्य दुसऱ्या कुणी माझ्याबद्दल म्हटलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. शेजारीण म्हणते, सासूबाई म्हणतात, नवराही दौऱ्यावरून फोन करून म्हणतो, ‘तू घरीच आहेस ना, मग गॅसवाल्याला थांबायला सांग.’ पण तुझ्याशी भांडताना मी तेच वाक्य वापरलं आणि जिंकले. तुझा तिसरा मजला, लिफ्ट नाही, दिवसभराची नोकरी. तू काय बोलणार होतीस?

पण ताई, शिस्त नसती तर हे घर चाललंच नसतं. तू इथे आठवडाभर होतीस, तेव्हा सगळं विस्कटलेलं होतं. एरवी कसं असतं ते तू पाहिलं नाहीस. खारू दुपारी शाळेतून येते, जेवते. बोक्याला मांडीवर थोपटून झोपवलं की माझा वेळ सुरू. अडगळीच्या खोलीत इस्त्रीचं टेबल उंच करून मी त्यावर लॅपटॉप ठेवते आणि उभ्यानेच लिहिते, कारण बसले की डुलकी लागते. दाराबाहेर वेताची छोटी खुर्ची. ती थांबायची खुर्ची. ज्याला आईशी बोलायचं आहे त्याने त्या खुर्चीत बसायचं. दार उघडलं की पहिला नंबर खुर्चीवाल्याचा, मग आई फोन बाजूला ठेवून, डोळ्यांत बघून ऐकणार. दार वाजवायचं फक्त तीन कारणांसाठी: रक्त, धूर किंवा अनोळखी माणूस. खारूला हे इतकं तोंडपाठ आहे की शाळेत ‘घरातले नियम’ या विषयावर बोलायला उभी राहिली तेव्हा तिने हेच सांगितलं. बाईंनी मला बोलावून विचारलं, घरी सगळं ठीक आहे ना. आम्ही मायलेकी खूप हसलो होतो.

त्या खुर्चीवर मी मासिकात लिहिलं, तो माझ्या सदरातला सर्वांत गाजलेला लेख. ‘मुलांना सांभाळून घरातून काम’ या विषयावर मी काय काय लिहिलं असेल, कपाटाचे कप्पे, भाजी आदल्या दिवशी चिरून ठेवणं, पण लोकांना आवडली ती खुर्ची. वाचक बायकांनी आपापल्या खुर्च्यांचे फोटो पाठवले. कुणाची प्लास्टिकची, कुणाचं लाकडी स्टूल, एकीने तर उलटी बादली ठेवली होती. संपादकबाई आता पुस्तक कर म्हणतात. मी हो म्हटलं आहे. हे तुला सांगायचं नव्हतं, पण लिहून गेले.

तेव्हा चूक शिस्तीची नव्हती एवढंच मला म्हणायचं आहे. आप्पा पडले तेव्हा खारूने सांगितलं असतं तर मी धावत बाहेर आले नसते का? पण ती लहान आहे, घाबरली आणि विसरली. तू तिच्यावर राग धरू नकोस. या रविवारी तुझा फोन आला नाही. तुझ्या फोनवरच्या गोष्टीतला उंट कुठपर्यंत पोचला, असं ती विचारत होती. मी म्हटलं, मावशी कामात असेल.

तुझी,
धाकटी


२१ फेब्रुवारी

ताई,

तुझं पत्र आलं. पत्र कसलं, पाकिटात घातलेली चपराक. माझ्यावर जे लिहिलंस ते मला मान्य आहे, निदान त्यातलं बरंचसं. पण पुढचं? ‘मला त्या पोरीचंच नवल वाटतं. आजोबा जमिनीवर विव्हळतायत आणि ही खुर्चीत बसून पाय हलवते. सात वर्षांची आहे, दूधपिती नाही. का नाही सांगितलंस विचारलं तर तोंड वर करून म्हणते, विसरले. असली मुलं मला कळत नाहीत, आणि तिच्याशी गोडगोड बोलायला सध्या माझी जीभ रेटत नाही.’

मी ते स्वयंपाकघरात उभी राहून वाचलं. समोर खारू बोक्याला सफरचंद भरवत होती, साल काढून, कारण त्याला साल आवडत नाही. तिने विचारलं, मावशीचं आहे का? मी म्हटलं, विजेचं बिल आहे.

तू तिच्यावर इतकी का चिडलीस ते मला कळतं. आप्पा म्हणजे तुझा जीव की प्राण. आणि मी खोलीतून बाहेर आले तेव्हा ही खुर्चीत बसलेली होती, हे दवाखान्यात तुला मीच सांगितलं. तेव्हा मला वाटलं मी नुसतं काय झालं ते सांगते आहे.

खारू अलीकडे फार शहाण्यासारखी वागते. हे मी अभिमानाने लिहायला घेतलं होतं, पण राहू दे. परवाची गोष्ट ऐक. मी हॉलमध्ये बसून धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होते. लिहायची वेळ नव्हती, खोलीचं दार सताड उघडं होतं. आणि ही जाऊन त्या खुर्चीत बसली. मी कपडे ठेवायला आत गेले, बाहेर आले, परत गेले, तिच्या पायांवरून ओलांडून गेले. मला वाटलं खेळतेय. बऱ्याच वेळाने लक्षात आलं की ती एक हात कानावर दाबून बसली आहे.

‘काय गं?’

‘कान दुखतोय.’

‘कधीपासून? मग सांगायचं नाही का, वेडे?’

‘तू घड्या घालत होतीस.’

‘मग? घड्या घालताना बोललं की दंड आहे का?’

ती म्हणाली, ‘रक्त नव्हतं आलं.’

अंगात तापही होता. डॉक्टरांनी कानात बघितलं आणि म्हणाले, हे आज नाही झालेलं, दोन-तीन दिवसांचं आहे, मूल काही बोललं नाही? मी म्हटलं, सहनशील आहे हो फार. त्यांनी औषध लिहून दिलं आणि गल्लीतला दुकानदार जसा लहान गिऱ्हाइकाशी बोलतो तशा मोठ्या आवाजात खारूला म्हणाले, ‘दुखलं की ओरडायचं बरं का!’ तिने माझ्याकडे बघितलं. परवानगी आहे का, ते बघायला.

घरी आल्यावर मी खुर्ची माळ्यावर टाकली. वाटलं, प्रश्न मिटला. तर आता ती खुर्चीच्या जागी भिंतीला टेकून उभी राहते.

त्या दिवसाबद्दल तू विचारलंस म्हणून सांगते. ती दाराशी आलीही असेल. मला नीट आठवत नाही. दातांच्या दवाखान्याच्या जाहिरातीचा मजकूर त्याच दुपारी द्यायचा होता आणि मी त्यात बुडाले होते. ‘हसा, आम्ही आहोत’ असं काहीतरी लिहीत होते. असेलही आली. आप्पा दिवसातून सतरांदा तिला माझ्याकडे पाठवतात, चष्मा सापडत नाही, रिमोट चालत नाही, पेपरची मधली पानं कुणी नेली. काम करणाऱ्या माणसाने किती वेळा उठायचं? तू माझ्या जागी असतीस तर तुझ्याही नाकीनऊ आले असते.

रविवारी फोन कर ना. माझ्याशी बोलू नकोस. तिच्याशी बोल. मी तिला काय सांगू, तूच सांग.

धाकटी


५ मार्च

ताई,

आधीची दोन्ही पत्रं तू जपून ठेवली असशील तर समोर घे, कारण ती खोटी आहेत. आप्पांची खुशाली आणि खुर्चीची जाहिरात खरी. बाकी जिथे ‘नीट आठवत नाही’ असं आहे तिथे मला लख्ख आठवत होतं.

आज सकाळी आप्पांच्या पायाला तेल लावत होते. खारू शाळेत, बोका पलंगाखाली गाडी घेऊन. आप्पा म्हणाले, ‘पोरीला यायचा तो मोठीचा फोन बंद झाला म्हणे.’

मी म्हटलं, ‘होईल सुरू. ताईचा राग किती दिवस टिकतो?’

‘माझ्यावर कधी टिकला नाही. तुझ्यावरही टिकणार नाही. पण त्या पोरीने काय केलंय?’

मी तेल चोळत राहिले. तर ते म्हणाले, ‘मी खाली पडलो तेव्हा माझे कान नव्हते मोडले.’

ताई, त्यांनी सगळं ऐकलं होतं. न्हाणीघर आणि माझी खोली यांच्यात ती चार पावलांची बोळ, तिथेच ते पडले होते. श्वास कोंडला होता, आवाज फुटत नव्हता. खारू हॉलमधून धावत आली. तिला ते एवढंच बोलू शकले, ‘आईला बोलाव.’ आणि तिने बोलावलं. माझ्या डोळ्यांत बघून आप्पा म्हणाले, ‘मी ताईला काही सांगितलेलं नाही. सांगणारही नाही. तू माझी लेक आहेस, तुला उघडं पाडून मला काय मिळणार? पण तीही कुणाची तरी लेक आहे बाई.’ एवढं बोलून त्यांनी पेपर उघडला. रागावले असते तर बरं झालं असतं.

आता लिहिते. उशीर करत नाही.

तिने दार वाजवलं. मी आतून विचारलं, ‘कोण?’ हा प्रश्नसुद्धा बघ, घरात दुसरं होतं कोण. ती म्हणाली, ‘आई, आप्पा बोलावतायत.’ मला वाटलं, आला चष्मा. मी हात न थांबवता विचारलं, ‘रक्त आलंय का?’ ती म्हणाली नाही. ‘धूर?’ नाही. ‘कुणी अनोळखी माणूस?’ नाही. ‘मग नियम काय आहे?’ ती म्हणाली, ‘पण आप्पा...’ आणि मी म्हटलं, ‘खुर्चीत बस, खारू. एक शब्दही नको.’ तिने खरं तेच उत्तर दिलं गं. रक्त नव्हतं. धूर नव्हता. आणि आप्पा अनोळखी नव्हते.

ती बसली. खुर्चीतून तिला आप्पा दिसत होते. मी तासाभराने दार उघडलं, पहिला नंबर म्हणून हसत तिच्याकडे बघितलं, तेव्हा ती नियमाप्रमाणे उठून उभी राहिली आणि म्हणाली, ‘आई, आता बोलू?’

मग सगळी पळापळ. रुग्णवाहिका, नवऱ्याला फोन, तुला फोन. दवाखान्यात तू आल्या आल्या विचारलंस, एवढा वेळ कुणालाच कसं कळलं नाही? माझ्या तोंडून निघालं, ‘खारू होती, पण ती घाबरून विसरली असेल सांगायला.’ खारू माझा पदर धरून शेजारी उभी होती. मी ठरवून बोलले नाही. पण बोलून झाल्यावर सुधारलंही नाही, आणि नंतर तू तिला बाजूला घेऊन विचारलंस तेव्हा तर मी पाण्याची बाटली भरायला निघून गेले. ती तुला ‘विसरले’ का म्हणाली, हे मी तिला कान दुखत होता त्या दिवशी रिक्षात विचारलं. ती म्हणाली, ‘तूच म्हणालीस ना तसं. मग मी वेगळं कसं सांगू?’

तुला वाटलं पोर निगरगट्ट आहे. तिने आईचं खोटं सांभाळलं, ते तुला तोंड वर करून बोलल्यासारखं वाटलं. आणि मी तुला लिहिलं की लहान आहे, राग धरू नकोस. माफी मागितली ती तिच्या वतीने. मला माझी इतकी लाज वाटते आहे की हे लिहिताना दोनदा उठून भांडी घासून आले.

मला कामाची भीती वाटते, ताई. घरून लिहिणाऱ्या बाईला कुणी कामावरून काढत नाही, नुसतं पुढचं काम येत नाही. तुझ्यासारखी रजा टाकता येत नाही, आजारी आहे म्हणता येत नाही. म्हणून मी ते दार इतकं घट्ट लावून घेतलं. हे कारण आहे. याने काही माफ होत नाही, तेही कळतं. संपादकबाईंना अजून कळवलेलं नाही. पुस्तकाचं काय करायचं, ज्या बायकांनी खुर्च्या ठेवल्या त्यांना काय सांगायचं, सुचत नाही. त्या उलट्या बादलीवर बसलेल्या मुलाचा फोटो सारखा डोळ्यांसमोर येतो. पण ते मागाहून. आधी तू.

आप्पांना तुझ्याकडे न्यायचं असेल तर मी भांडणार नाही. ते म्हणतात, तीन जिने कोण चढणार, इथेच बरा आहे. पण निर्णय तुमचा दोघांचा.

पाकीट चिकटवायच्या आधी मी एक गोष्ट करायचं ठरवलं आहे. तिच्याबद्दल जे लिहिलंय तेवढं तिला वाचून दाखवायचं. तिच्या पाठीमागे बोलून झालं तेवढं पुरे झालं. ती शाळेतून येईल एवढ्यात.

*

संध्याकाळ झाली आहे. वाचून दाखवलं.

पलंगावर बसवून, बोक्याला आप्पांकडे देऊन, दवाखान्याचा आणि दाराचा सगळा मजकूर वाचला. ती फ्रॉकची कॉलर चघळत ऐकत होती. मी म्हटलं, हे मी मावशीला पाठवते आहे, चूक माझी होती, तुझी नव्हती, तू विसरली नव्हतीस. मला वाटलं ती माझ्या गळ्यात पडेल. मी तशी हात पसरून बसलेही होते, मूर्खासारखी.

ती म्हणाली, ‘पण हे पूर्ण नाहीये.’

‘काय राहिलं?’

‘मी खुर्चीत बसले. मग आप्पा रडल्यासारखा आवाज करायला लागले. मग मी परत वाजवलं. आधी हाताने आणि मग पायाने पण. आणि मी ओरडले, आप्पा पडलेत, आप्पा पडलेत.’

‘मग?’

‘तू काहीच बोलली नाहीस. मला वाटलं, तू खूप चिडलीस. म्हणून परत बसले.’

ताई, तिला बसायला सांगितल्यावर मी कानांवर हेडफोन चढवले होते आणि पावसाच्या आवाजाचं रेकॉर्डिंग लावलं होतं. एकाग्रतेसाठी लावते नेहमी. हे आप्पांना माहीत नाही, नवऱ्याला माहीत नाही. सकाळी ‘आता लिहिते’ म्हणून एवढी सगळी कबुली दिली, त्यातही हे सोडून दिलं. आठवलं नाही असं नाही. हेडफोनपाशी आले आणि भांडी घासायला उठले.

मी तिला म्हटलं, ‘मी चिडले नव्हते, बाळा. मी कान बंद केले होते. तू परत वाजवशील आणि मला उठावं लागेल, म्हणून.’

ती रडली नाही. म्हणाली, ‘म्हणजे मी नीट वाजवलं होतं?’

‘हो.’

‘पुरेसं जोरात?’

‘पुरेसं जोरात.’

मग तिने कॉलर तोंडातून काढली, हाताने पुसली आणि म्हणाली, ‘मावशीला ते लिही.’

लिहिलं आहे, ताई.

तुझी,
धाकटी